उतारावर दोघी

भरलेली बस भर रस्त्यात, थांबा नसताना थांबली आणि पुढचं दार फस्सकन उघडलं. फुटपाथवरून मान खाली घालून चाललेली मुलगी दचकली. स्टिअरिंगवर काकू बसल्या होत्या.

"चढ," काकू म्हणाल्या.

"नको काकू, मी चालत जाते. व्यायाम होतो."

"व्यायाम करून करून काटकुळी झालीस. चढ म्हणते ना!"

मागून एक गृहस्थ करवादले, "अहो बाई, आम्हाला कामावर जायचंय!"

काकूंनी आरशात पाहिलं आणि थंडपणे म्हणाल्या, "मग तिला सांगा की चढायला."

झालं! अख्खी बस खिडक्यांतून ओरडायला लागली. "चढ गं बाई एकदाची!" मुलगी कानापर्यंत लाल झाली आणि मुकाट चढली.

या मुलीला सगळे पक्कड म्हणत. तिच्या मामाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि लहानपणापासून तिच्या हातात बाहुलीपेक्षा पक्कडच जास्त असायची. तिची जिवाभावाची मैत्रीण होती भिंगरी, काकूंची एकुलती एक मुलगी. नावासारखीच होती ती, एका जागी पाय ठरायचा नाही. ताप आला म्हणून भिंगरी दवाखान्यात गेली आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. काकूंकडे माणसांची रीघ लागली. पक्कडकडे कोण येणार? ती तर नुसती मैत्रीण. तीसुद्धा रिघेतल्या लोकांसारखी एकदा जाऊन कोपऱ्यात बसून आली. त्यानंतर मात्र काकूंसमोर उभं राहायची तिची हिंमत होईना. शाळेच्या वाटेवर नेमकी काकूंचीच बस धावायची, म्हणून ती सकाळी लवकर उठून चालत निघायची.

आता ती काकूंच्या शेजारचा दांडा धरून उभी होती.

"गाडी मोडून टाकलीस का?" काकूंनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं.

ती गाडी पक्कड आणि भिंगरी, दोघींची होती. बिनइंजिनाची, फळ्या आणि सायकलच्या चाकांची. टेकडीवरच्या उताराच्या शर्यतीसाठी दोघी ती बांधत होत्या. भिंगरी पुढे बसून चालवणार, पक्कड मागे ब्रेकवर. अर्धवट गाडी मामाच्या दुकानात मागच्या बाजूला ताडपत्रीखाली पडून होती.

"नाही मोडली," ती पुटपुटली.

"बरं झालं. मी शर्यतीत नाव घालून आलेय. चालवणार मी, ब्रेकवर तू."

"तुम्ही?"

"वयाची अट खालून आहे, वरून नाही. विचारून आलेय मी. तुझा स्टॉप आला, उतर. संध्याकाळी दुकानात भेटू."

संध्याकाळी काकू आल्या त्या ड्युटीच्या गणवेशातच. मामा हातातलं पंक्चर तसंच टाकून उठला. "ताई, बसा ना, पाणी आणतो," तो अगदी हळू आवाजात म्हणाला.

"भाऊ, पाणी नको, पाना द्या. आणि मोठ्यानं बोला हो. घरी सगळे असे कुजबुजतात, की मला वाटतं मी परीक्षेच्या वर्गातच बसलेय."

मामाला हसावं की नाही तेच कळेना. पक्कडच्या तोंडून मात्र फिस्सकन हसू सुटलं आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. भिंगरी गेल्यावर हसायचं कसं?

ताडपत्री निघाली. काकू गाडीत बसायला गेल्या आणि तिथेच घोडं अडलं. भिंगरीच्या मापाची बैठक, भिंगरीच्या मापाचं स्टिअरिंग. काकूंचे गुडघे हनुवटीला टेकले.

"ही पुढची फळी कापावी लागेल," काकू म्हणाल्या. "आणि स्टिअरिंग वर घ्यावं लागेल."

"नाही!" पक्कड इतक्या जोरात ओरडली, की मामाच्या हातातली ट्यूब गळून पडली. "ते तिनं बसवलंय. तिनं मोजून बसवलंय! कुणी हात लावायचा नाही. ती असती तर—"

"ती नाहीये," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ती नाहीये गं. मी आहे, आणि माझे गुडघे अडकतायत."

काकू तशाच, गुडघे हनुवटीशी घेऊन, गाडीत बसून राहिल्या.

"मला सगळे विचारतात, कशी आहेस, जेवलीस का, झोपलीस का," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "तुला विचारलं का कुणी?"

पक्कडने नकारार्थी मान हलवली.

"मग मी विचारते. कशी आहेस?"

पक्कडला 'बरी आहे' म्हणायचं होतं. शब्द तयारही होता. पण ओठ उघडले आणि भलतंच बाहेर आलं. हातात कानस घेऊन ती उभ्या उभ्या हमसून रडायला लागली. महिनोन्महिने साठलेलं सगळं एकदम आलं. काकूंना उठून तिला जवळ घ्यायचं होतं, पण त्या अडकल्या होत्या. शेवटी मामाने त्यांना काखेत हात घालून उपसून काढलं, तेव्हा कुठे दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"बरी नाहीये मी, काकू. अजिबात बरी नाहीये."

"मी पण नाही," काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. नंतर नाक पुसलं आणि म्हणाल्या, "आता करवत कुठे आहे ते सांग."

फळी पक्कडनेच कापली.

त्या दिवसापासून दुकानात नुसता धुडगूस सुरू झाला. शाळा सुटली की पक्कड आणि ड्युटी सुटली की काकू. काम करताना भिंगरीच्या गोष्टी निघायच्या. काकूंना माहीत नसलेल्या पक्कड सांगायची, पक्कडला माहीत नसलेल्या काकू. कधी त्या हसत संपायच्या, कधी मध्येच एखादीला रडू फुटायचं. मग दुसरी ठोकाठोक करत राहायची आणि पहिलीला हवा तेवढा वेळ द्यायची. काही दिवस असेही गेले, की पक्कड नुसतीच येऊन स्टुलावर बसली आणि कशालाही हात न लावता घरी गेली. त्याबद्दल कुणी तिला एका शब्दाने विचारलं नाही.

आणि शर्यतीचा दिवस उजाडला!

टेकडीचा रस्ता दोन्ही बाजूंनी माणसांनी फुलला होता. वळणावळणावर गवताचे गठ्ठे रचले होते. स्पर्धकांच्या गाड्या म्हणजे एकेक नमुना. एक बुटाच्या आकाराची, एक पियानोसारखी, आणि दोन प्लंबर भावांनी तर चक्क बाथटबलाच चाकं लावली होती. पहिल्या फेरीत दोघींची गाठ नेमकी त्या बाथटबशी पडली.

"काकू, माझे हात गार पडलेत," मागून पक्कड म्हणाली.

"माझे पाय. आपण दोघी मिळून एक धड माणूस होतो बघ."

शिट्टी वाजली. मागून ढकलणाऱ्यांनी ढकललं, आणि गाडी सुटली!

सुरुवातीला खडखड, मग घरघर, मग आवाजच एकसंध झाला. वारा कानात शिरला. पहिल्या वळणावर काही उत्साही मंडळी रस्त्यात घुसली होती. काकूंच्या अंगातली ड्रायव्हर जागी झाली. "मागे सरका! मागे जागा आहे, मागे सरका!" लोक इतके आज्ञाधारकपणे सरकले, की पक्कडला हसू आवरेना.

बाथटब दोन हात पुढे होता. दुसरं वळण अंगावर आलं. समोर काकूंची पाठ होती. यांना काही झालं तर? यांनाही काही झालं तर? तिने दोन्ही हातांनी ब्रेकचा दांडा ओढला. रबर चिरकलं, गाडी मंदावली, बाथटब झपकन पुढे निघून गेला.

"ब्रेक सोड!" काकू ओरडल्या.

"मला भीती वाटतेय!"

"मलाही वाटतेय! सोड!"

पक्कडने डोळे मिटले, मग वाटलं आता बघूनच घ्यावं, म्हणून उघडले, आणि दांडा सोडला.

काय सुटली गाडी! झाडं, माणसं, गठ्ठे, सगळ्यांचा एक पट्टा झाला. वळण आलं तशा दोघी एकाच वेळी आत कलल्या. न ठरवता, न बोलता. बाथटब बाहेरच्या बाजूला फेकला गेला आणि आतून त्या सुसाट निघाल्या. पक्कड ओरडत होती. शब्द नव्हते, नुसता आवाज, पोटाच्या तळातून आलेला. पुढे काकूही ओरडत होत्या. शेवटच्या सरळ रस्त्यावर बाथटब पुन्हा बरोबरीला आला. चाकाला चाक, भाऊ पाण्याच्या बादलीने वल्हवल्यासारखं करतायत, लोक बेभान झालेत, आणि वीतभर, अगदी वीतभर पुढे राहून दोघींनी रेघ ओलांडली!

"जिंकलो!" पक्कडने गाडीतून उडीच मारली. "काकू, जिंकलो! थांबा, मी भिंगरीला—"

ती तिथेच थबकली.

काकू गाडीतून उतरल्या, तिचा हात धरून तिला रस्त्याच्या कडेला घेऊन गेल्या आणि दोघी गवताच्या गठ्ठ्यावर टेकल्या.

"माझंही असंच होतं," काकू म्हणाल्या. "रोज. काहीतरी गंमत घडते आणि हाक मारायला तोंड उघडतं."

"हे थांबतं का कधी?"

"माहीत नाही गं. मलाही पहिल्यांदाच होतंय."

दोघी रडल्या. आजूबाजूला टाळ्या, शिट्ट्या चालूच होत्या. आणि पक्कडच्या लक्षात आलं, की रडताना तिचं हृदय अजून आनंदाने धडधडतच होतं. एकाने दुसऱ्याला ढकलून बाहेर काढलं नव्हतं. दोन्ही होतं.

दुसऱ्या फेरीत बुटाने त्यांना चारीमुंड्या चीत केलं. त्यात शेवटच्या वळणावर त्यांचं मागचं चाक निखळून प्रेक्षकांत गेलं, आणि तीन चाकांवर फरफटत, दोघींनी पोटात दुखेपर्यंत हसत गाडी रेघेपार ढकलली. टाळ्या मात्र जिंकणाऱ्या बुटापेक्षा त्यांनाच जास्त पडल्या.

दोघी गवतावर दम खात बसल्या, तेवढ्यात प्लंबर भाऊ आले. थोरला डोकं खाजवत म्हणाला, "ए ताई, वळणावर तुमची गाडी इतकी चिकटून कशी राहिली? आमचा टब तर नुसता घसरतो."

पक्कड उठली. गुडघ्यावरचं गवत झटकलं, बाथटबभोवती एक चक्कर मारली आणि तोंडातून 'च्च' केलं.

"चाकं फार जवळ घेतलीयत तुम्ही. आणि हा ब्रेक कुणी लावला? उचलून धरा बरं टब, खालून बघू दे."

भावांनी टब उचलून धरला. काकूंनी गणवेशाचा कोट काढून जमिनीवर अंथरला, आणि पक्कड त्याच्यावर उताणी पडून सरपटत टबाखाली शिरली. खालून तिचा आवाज घुमला, "अरे देवा! हे काय करून ठेवलंय रे?"