पाळण्यापर्यंत पोहोचलेला धूर

मी एक जुनी मातीची शेगडी आहे, मित्रांनो. सिंदेवाहीजवळच्या एका गावात, धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या घरात राहते. इंदुताईंची सगळी लेकरं माझ्याच उबेत वाढली. येणाऱ्याजाणाऱ्या बाया कौतुक करायच्या, तेव्हा माझे निखारे कसे फुलायचे!

मग इंदुताईंची सून दिव्यानी बाळंत झाली आणि तिने गरम पाण्याची रबरी पिशवी आणली. "खोलीत शेगडी नको, आई. निखाऱ्याचा वायू दिसत नाई, पण लेकराचा जीव घेते."

झालं! माझी रवानगी अंगणात, खिडकीखाली, पाणी तापवायला. आणि ती गुलाबी, पोट फुगवलेली पिशवी बाळाचं अंथरूण ऊबदार करणार! तिच्यापाशी स्वतःची ऊब तरी होती का? पाणी मीच तापवायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

ढगाळ पहाटे माझा धूर वर निघून जायचा. पण एका निरभ्र पहाटे, बांध्यांवर दव साचलेलं असताना, तो जरासा चढला, निवला आणि आडवा पसरला. खिडकीतून थेट पाळण्याकडे सरकला. मी हरखले. बघा पिशवीबाई, मीही पोहोचले!

आणि बाळ खोकलं. खोकतच राहिलं. चेहरा लालबुंद, श्वास पुरेना. दिव्यानी त्याला उचलून मागच्या दारी धावली. मोकळ्यावर आल्यावर बाळाने टाहो फोडला, तेव्हा कुठे ती खाली बसली.

"धूर तं वरच जाते ना व? आज काऊन घरात शिरला?" इंदुताई घाबरून म्हणाल्या.

"रातभर आभाळ मोकळं होतं, आई. जमिनीची ऊब वर निंघून गेली. तिच्याजवळची हवा थंड अन् जड झाली, वरची गरम राह्यली. अशी जड हवा वर चढत नाई. धूरही तिच्यातच अडकते."

"अन् काल?"

"काल ढग होते. जमिनीवर गोधडीच होती समज."

"म्हंजे जमिनीनंही उघडं झोपू नाई काय!" इंदुताई डोळे पुसत हसल्या आणि मला उचलून अंगणाच्या पार टोकाला घेऊन गेल्या.

मित्रांनो, माझा हेवा अजून गेलेला नाही. तरी सांगते, थंडीच्या निरभ्र पहाटे मला खिडकीखाली पेटवू नका. ऊन चढू द्या, जमीन तापून हवा वर जाऊ द्या. तेव्हाही लेकराला माझ्यापासून दूरच ठेवा. त्याला लांबून पाहणं मला जमत नाही, पण शिकेन.