गॅसच्या पेटीचं भोक

मी एक भोक बोलतोय. हसू नका. मला पाहिलं की तुमचा हात आधी चिंधीकडे जातो, हे मला ठाऊक आहे, आणि त्याच हाताची मला भीती वाटते.

मी राहतो खुशालरावांच्या फिरत्या घरात. मूर्तिजापूरजवळच्या या शेतकऱ्याने शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली आणि अमरावतीच्या बंडू मिस्त्रीकडून तिचं घर करून घेतलं. दोन बाकं, एक शेगडी, छोटासा देव्हारा. बाकाखाली पत्र्याची पेटी आणि पेटीत पाच किलोचा सिलिंडर. त्या पेटीच्या बुडाला बंडूने ड्रिल लावलं आणि मी जन्मलो. अंगठा जाईल एवढा. वर त्याने बारीक जाळी बसवली.

"काका, गॅस हवेहून जड रायते," तो म्हणाला. "गळला तं खाली बसते. त्याले जायाले वाट पायजे. हे भोक कदी बुजवू नका."

खुशालरावांनी मान डोलावली, पण त्यांचं सगळं लक्ष पडद्यांच्या रंगाकडे होतं.

वर्षभर मी इमानाने राबलो. कुठे नळी सैल झाली, गॅस थोडा झिरपला, तर मी तो गुपचूप खाली रस्त्यावर सोडून द्यायचो. कुणाला पत्ताही लागत नसे. मग एकदा खडीच्या रस्त्यावर जाळी निखळून पडली आणि एक उंदीर माझ्यातून आत शिरला. खुशालरावांच्या बायकोला, सुभद्राबाईंना, ज्वारीच्या पिठाजवळ लेंड्या दिसल्या.

खुशालरावांची सारी हयात धान्याच्या कोठीतल्या उंदरांशी भांडण्यात गेलेली. भोक दिसलं की बुजवायचं, त्यात विचार तो कसला करायचा? आपल्याच शेतातल्या कापसाचा त्यांनी घट्ट बोळा वळला, मेणात बुडवला आणि माझ्यात ठासला. आता पाहू कोठून येते, असं स्वतःशीच म्हणाले. उंदीर आतच होता. बाहेरची वाट बंद झाल्यावर तो रबरी नळीला लागला.

त्या डिसेंबरात नवराबायको सात वर्षांच्या नातीला, प्रणालीला घेऊन गुरुकुंज मोझरीला आले. दर्शन झालं, दुपारचा चहा झाला. शेगडी बंद केली, सिलिंडर मात्र चालूच. घरीसुद्धा तो कधी कुणी बंद करत नसे. थंडी वाजते म्हणून काचा लावून घेतल्या.

आणि गॅस येऊ लागला. आधी पेटीचं बूड भरलं. तो माझ्यापाशी आला, वाट शोधू लागला, आणि मी तोंडात बोळा घेऊन पडलेलो. मग तो पेटीच्या फटीतून घरात उतरला आणि जमिनीवर पसरत गेला. त्याच जमिनीवर प्रणाली पोटावर पडून चित्र रंगवत होती. मला जिवाच्या आकांताने ओरडायचं होतं. पण माझं ओरडणं म्हणजे नुसती हवा, आणि तीही अडकलेली.

तिन्हीसांज झाली. सुभद्राबाईंनी निरांजनात वात घातली आणि काडेपेटी घेतली. उभ्या माणसाच्या नाकापर्यंत वास पोचत नव्हता. पहिली काडी सादळलेली होती, पेटली नाही. त्यांनी दुसरी काढली.

"आजी, खाली घाण वास येऊन राहिला," प्रणाली म्हणाली.

सुभद्राबाई वाकल्या. काडी हातातच राहिली. काय झालं ते बघायला खुशालरावांचा हात दिव्याच्या बटनाकडे निघालेला होता.

"बटन नका दाबू," त्या अगदी हळू म्हणाल्या. "पोरीले उचला अन् भायेर निघा."

दार सताड उघडं टाकून तिघं लांब जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने खुशालराव एकटेच आले. त्यांनी सिलिंडर बंद केला, कुरतडलेली नळी पाहिली आणि बोळा उपसला. तो मुठीत धरूनच ते बाहेर आले. नितेशला, म्हणजे प्रणालीच्या बापाला, यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी बायकोला आणि नातीला बजावलं. मुलगा गाडी विकायला लावेल ही एक भीती. चूक आपली, ही दुसरी, आणि मला वाटतं तीच मोठी.

नवी नळी आली. जाळी आज बसवू, उद्या बसवू, असं करत राहून गेली. तेव्हापासून रोज दिवा लावायच्या आधी खुशालराव दुखऱ्या गुडघ्यांवर बसतात, माझ्यात बोट घालतात, आणि वारा लागला की "लाव" म्हणतात.

आज नितेश आला आहे. बायकोला आणि प्रणालीला घेऊन तो उद्या याच गाडीने चिखलदऱ्याला निघणार. पेटी झाडता झाडता त्याला मी दिसलो.

"बाबा, इथून थंडी येईन. पोरगी खाली झोपते," तो म्हणाला आणि चिंधी वळू लागला. अगदी बापासारखीच, घट्ट.

खुशालराव बघत उभे होते. माझा जीव टांगणीला लागला. मग ते हळूहळू खाली बसले.

"थांब. आदी बोट घाल आत. वारं लागते का पाह्य," ते म्हणाले. "हे मीच बुजवलं होतं, मोझरीले. गॅस भरला होता. पोरगी खालीच होती."

मी काही फार मागत नाही. जाळी लावा, बोळा नको. नळी तपासा, काम झालं की सिलिंडर बंद करा, आणि काडी ओढायच्या आधी एकदा वाकून खालचा वास घ्या.

नितेशचं बोट माझ्यात आहे, आणि त्याला वारा लागतोय. दुसऱ्या हातातली चिंधी त्याने अजून खाली ठेवलेली नाही.