समोरचं ताट

"मावशी, तुम्ही एकट्याच राहता ना? मग रोज संध्याकाळी दोन ताटं कुणासाठी वाढता?"

तोंड माझं होतं, प्रश्न मात्र माझ्या मैत्रिणींचा, लांबोडी आणि चष्मिसचा. लांबोडीच्या गच्चीवरून फलाटमावशींचं मागचं अंगण दिसतं. उन्हं कलली की मावशी दोन ताटं घेऊन बाहेर येतात आणि पायरीवर बसतात. पुढचं पाण्याच्या टाकीआड जातं. थोड्या वेळाने दोन्ही ताटं रिकामी होऊन आत जातात.

"भूत आहे," लांबोडी म्हणाली.

"भूत जेवत नाही गं. लपवलेला नवरा असणार," चष्मिस म्हणाली. "विचारून ये. आहे हिंमत? की ती ढाल नुसती कपाटात ठेवायला?"

ढालीचं नाव काढलं आणि मी अडकले. सहामाहीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणतानाही घाबरायचे. बाईंना दर वेळी मान वर करून बघावं लागायचं, मी आहे की नाही. मग वक्तृत्व स्पर्धेत जिला बोलायचं होतं तिचा घसा बसला, बाईंनी मला पुढे ढकललं, आणि मी बोलले! बोलतच सुटले! ढाल मिळाली. तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही असं आई म्हणते. होत नाही, खरंच. इतक्या वर्षांचं साठलंय.

तर मी दार वाजवलं आणि विचारलं.

फलाटमावशींनी उभी हयात बसस्थानकावर घोषणा करण्यात घालवली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा धावतेय, सगळं त्यांच्या आवाजात. आमच्या गावात त्यांचा आवाज सगळ्यांना पाठ आणि चेहरा कुणालाच नाही. आता तिथं यंत्र बोलतं. मावशी फारसं बोलतच नाहीत. दुकानात गेल्या तरी वस्तूकडे बोट दाखवतात.

मला वाटलं, दार तोंडावर आपटतील. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आत ये. बसून बघ. पण तोंड बंद ठेवावं लागेल. जमेल?"

"हो! एकदम! अगदी एक शब्दही..."

"हेच ते," मावशी म्हणाल्या.

पायरीवर त्या बसल्या, शेजारी मी. एक ताट त्यांच्या मांडीवर, दुसरं समोरच्या भिंतीलगत एका सपाट दगडावर. त्यात उकडलेलं अंडं, पावाचे तुकडे आणि रश्श्यातला बटाटा होता. दिवेलागण व्हायला आली होती. मी इतकी गप्प होते की माझे कानच दुखायला लागले.

मग भिंतीवरून कोल्हा उतरला.

मला वाटलं होतं तेवढा मोठा नव्हता. बारीक होता, एक कान फाटलेला. ताटाजवळ आला, माझ्याकडे एकदा बघितलं, मावशींकडे बघितलं आणि बसला. चक्क बसला! आधी अंडं खाल्लं. मावशींनी स्वतःच्या ताटातला पहिला घास तेव्हाच तोंडात घातला. तो खात होता, त्या खात होत्या. कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं.

आणि माझ्या घशाशी आलं होतं, "झिपरी! माझी झिपरी यानंच नेली!"

इथं आमच्या गल्लीचं सांगायला हवं. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक मागच्या अंगणात कोंबड्या आहेत. सगळी घरं एकाच मागच्या भिंतीला टेकलेली, खुराडीही त्या भिंतीलगतच. गेले काही महिने त्या भिंतीवर युद्ध चालू होतं. सलूनवाल्या काकांनी कापलेले केस पोत्यात भरून घरोघर वाटले. माणसाच्या वासाला कोल्हा घाबरतो म्हणे, खुराड्याभोवती पसरा. आमच्या कोंबड्यांनी ते केस गोळा करून मऊ गाद्या केल्या आणि त्यावर ऐटीत अंडी घातली. पंक्चरवाल्या काकांनी जुने टायर रचून तटबंदी उभारली. कोल्हा टायरवर पाय देऊन आणखी सोयीने चढला. माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांनी खुराड्याला वजन लावून वरून खाली येणारं दार बसवलं, अगदी लिफ्टसारखं. पहिल्याच दिवशी ते कोंबड्या आत जायच्या आधीच खाली आलं, आणि सगळ्या बाहेर ताटकळत उभ्या, लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीतल्या बायकांसारख्या.

त्याच संध्याकाळी झिपरी गेली. डोक्यावर पिसांचा झुबका होता तिच्या. आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. झिपरीला पिल्लू असताना आईने कामावरच्या झग्याच्या खिशात घालून घरी आणलं होतं. झुबक्यातली दोन-चार पिसं भिंतीजवळ सापडली, ती आईने उचलून पुन्हा त्याच खिशात ठेवली. बाबांनी दाराचा विषय पुढे चारचौघांत काढलाच नाही.

आता आमची वकीलीण तेवढी उरलीय आणि तिच्यासोबतच्या दोन भित्र्या पांढऱ्या. वकीलीण म्हणजे सारखी वाद घालणारी. आई-बाबा कामावरून यायच्या आधी घरात मी आणि त्या एवढ्याच असतो. भाषणं मी त्यांच्यासमोर पाठ करते. वकीलीण मध्येच आक्षेप घेते.

तर कोल्ह्याने शेवटचा पावाचा तुकडा तोंडात धरला, भिंतीवर चढला आणि गेला. माझं तोंड फुटलं.

"मावशी, तो चोर आहे! खुनी आहे! त्यानं आमची झिपरी नेली, आणि तुम्ही त्याला अंडी खाऊ घालता?"

"म्हणूनच घालते," मावशी शांतपणे म्हणाल्या. "गल्लीत पहिल्यांदा पिसं पडलेली दिसली ना, त्या दिवसापासून घालते. पोट भरलं की कशाला जाईल कुणाच्या खुराड्यात?"

मला त्यांच्याकडे बघवेना. एवढं साधं त्यांना कसं कळलं नाही? पण त्यांच्याकडे कोंबड्याच नाहीत, त्यांना कोण सांगणार.

"मावशी, तो भुकेपुरतंच मारत नाही. फडफडेल ते मारतो. जास्त झालं तर पुरून ठेवतो." मग माझ्या लक्षात आलं ते मी बोलून मोकळी झाले. ढालीची सवय. "आणि तुमच्याकडे यायचा रस्ता भिंतीवरून आहे. म्हणजे आमच्या सगळ्यांच्या खुराड्यांवरून. तेही दिवेलागणीला. तेव्हा मोठी माणसं कामावरून आलेली नसतात, मी गच्चीवर असते, खुराडी उघडी असतात."

मावशींनी रिकामं ताट उलटं केलं, परत सुलटं केलं.

"म्हणजे मीच त्याला गाडी लावून दिली," त्या म्हणाल्या. "रोजची. थांब्या-थांब्यावर थांबणारी."

या वेळी माझं तोंड बंद ठेवावं लागलं नाही, आपोआपच बंद झालं.

"इतकी वर्षं बोलले गं मी," त्या ताटाकडे बघत म्हणाल्या. "काचेच्या खोलीत. भोंग्यातून. हजारो माणसं ऐकायची, पण समोर कुणी नाही. उलट बोलणारं कुणी नाही. घरी आले तरी तेच. हा आला तर पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी समोर बसून जेवतंय. बोलावं पण लागत नाही. आणि वेळेवर येतो, आमची एक गाडी कधी इतकी वेळेवर आली नाही."

लांबोडी आणि चष्मिसला मी सांगितलं, "नवराही नाही, भूतही नाही, त्या भांडी जास्त घासतात." दोघींनी विश्वास ठेवला नाही. पण माझ्याच्याने खरं सांगवेना.

दोन दिवसांनी सलूनमध्ये गल्लीची बैठक भरली. खुर्चीवर गिऱ्हाईक अर्धवट दाढी होऊन तसंच बसलेलं. पंक्चरवाल्या काकांनी कुठूनतरी विष आणलं होतं. मटणाच्या तुकड्यात घालून भिंतीवर ठेवायचं, बस, विषय संपला.

"बरोबर आहे," आई म्हणाली. तिचा हात झग्याच्या खिशात होता.

तेवढ्यात काचेचं दार उघडून फलाटमावशी आत आल्या. त्यांना सलूनमध्ये कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. त्या मधोमध उभ्या राहिल्या, आणि त्यांनी तो आवाज काढला. तोच, सगळ्यांच्या लहानपणापासूनचा.

"कृपया लक्ष द्या. कोल्ह्याला संध्याकाळचं जेवण मी घालत होते. माझ्या समजुतीत चूक झाली. त्याबद्दल दिलगीर आहे. आजपासून ते बंद करण्यात येत आहे."

गिऱ्हाईक फेस लावलेल्या तोंडाने नुसतं बघत राहिलं.

"वा!" पंक्चरवाले काका म्हणाले. "म्हणजे आमच्या कोंबड्या ही तुमच्या पाहुण्याची न्याहारी! आणि तुमच्याकडे पंगत!"

"विष ठेवू नका," मावशी म्हणाल्या. आता तो आवाज नव्हता, साधाच होता. "ताट दिसलं नाही की येणार नाही तो."

"बघू. पण एक सांगतो, बाई. ते ताट परत दगडावर दिसलं, तर औषध त्याच ताटात जाईल."

सलूनवाल्या काकांनी वस्तरा पुसला. "ठरलं तर मग. थोडे दिवस बघू. आणि खुराडी वेळेवर बंद करा रे सगळ्यांनी. केस फुकट घालवलेत माझे."

घरी आल्यावर आई फक्त एवढंच म्हणाली, "अंडी घालत होती त्याला. अंडी."

मी रोज शाळेतून धावत यायला लागले, उजेड असतानाच वकीलिणीला आणि पांढऱ्यांना कोंडायला. बाकीचेही कुणी ना कुणी धावत येत होते. कोंबड्या जायच्या थांबल्या. सगळं कसं छान झालं असं लांबोडीची आई म्हणाली.

लांबोडीच्या गच्चीच्या टोकाला जाऊन टाकीपलीकडे वाकलं, की मला मात्र मावशी दिसायच्या, समोरचा दगडही दिसायचा. पहिल्या संध्याकाळी सवयीने दोन ताटं घेऊन बाहेर आल्या, थबकल्या, एक आत ठेवून आल्या. पायरीवर बसल्या. जेवल्या नाहीत, आहे तसं ताट आत नेलं. पुढे कधी बाहेर आल्या, कधी नाही. मग परवा पुन्हा दोन ताटं. भिंतीवर तो होता. फाटक्या कानाचा, शेपूट पायांभोवती घेऊन बसलेला. मावशी ताट हातात धरून दगडाजवळ गेल्या. वाकल्या. मी गच्चीचा कठडा घट्ट धरला. पंक्चरवाल्या काकांच्या मागच्या खिडकीत दिवा होता.

मावशी वाकलेल्याच राहिल्या. मग सरळ झाल्या आणि ताट घेऊन आत गेल्या. तो बराच वेळ बसून होता.

"कोल्ह्याचं जेवण बंद झालं, तरी दोन ताटं! बघ, भूतच," लांबोडी म्हणाली. ती होती तिथून टाकीआडचा कोल्हा तिला दिसलाच नव्हता.

घरी आले. माझं ताट ओट्यावर झाकलेलं होतं, रोजच्यासारखं. मी रोज ते उभ्यानेच संपवते, टीव्ही लावून. त्या दिवशी टीव्ही लावला नाही. आपलं चावणं आपल्यालाच ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं. आज वाकल्या आणि सरळ झाल्या. उद्या होतील? परवा? एक दिवस त्या ते ताट खाली ठेवणार, हे मला पक्कं कळलं.

आज सुट्टी. आई-बाबा दोघंही घरी. बाबा खुराड्याच्या दाराला पुन्हा एकदा वजन बांधत होते, कामावरचा तोच झगा घातलेली आई शेजारी बसून त्यांना काय चुकतंय ते सांगत होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, स्पर्धेत उभी राहते तशी, पाय जुळवून.

"एक घोषणा आहे."

"फलाट कुठला?" बाबा म्हणाले.

"बाबा, मस्करी नाही. उद्यापासून संध्याकाळी मी फलाटमावशींकडे जेवणार. रोज. माझं ताट घेऊन जाईन, त्यांच्यावर भार नको."

आईचा हात थांबला. "तिच्याकडे? झिपरीला..."

"माहितेय, आई. झिपरी माझीपण होती." माझा आवाज थोडा हलला, मी तो सरळ केला. "पण त्यांच्या समोर कुणी नसलं तर त्या पुन्हा ताट ठेवतील. मग कोल्हा मरेल. आणि त्यांना वाटेल आपणच मारला, तोही जेवायला बोलावून."

आईने खिशात हात घातला आणि तसाच ठेवला.

"तुला तिथं करमेल?" बाबांनी विचारलं. "त्या तर बोलत नाहीत."

"मीपण नाही बोलणार."

दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं, जणू मी उडायला शिकणार म्हणाले.

"तू?" आई म्हणाली. "बोलणार नाहीस?"

"नाही. खुराडं बंद करायचं, ताट घ्यायचं, जायचं, त्यांच्या समोर बसायचं आणि जेवायचं. दगडावर नाही, घरून एक खुर्ची नेईन. त्या बोलल्या तर बोलेन, नाहीतर नाही. आणि आई, मी विचारत नाहीये, सांगतेय. उद्यापासून समोरचं ताट माझं."