एकाच कोटाची तीन मापं

बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली आणि चौथ्या दिवसापासून शिंपी रोज दाढी करू लागला. एरवी आठवड्याला दोन दाढ्यांत भागवणारा माणूस! कारण वरच्या मजल्यावर राहायला आलं होतं. नव्या भाडेकरणीने कोट शिवायला टाकला होता.

दुकानाची रीत बारा वर्षांची: माप त्याने घ्यायचं, वहीत लिहायचं, कापड बायकोने कापायचं. त्यामुळे कोट बायको येईपर्यंत अडला होता. माप मात्र अडत नव्हतं.

शनिवारी भाडेकरीण जिन्यावरूनच म्हणाली, "मास्तर, जुना विनोदी सिनेमा लागलाय. एकटीने हसायचं म्हणजे वेड्यासारखं दिसतं. येता का?"

मास्तर गेले. पडद्यावरच्या नवऱ्याचीही बायको गावाला गेली होती आणि त्याला रोज नवे शर्ट सुचत होते. सगळं थिएटर पोट धरून हसत होतं. शिंप्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. मध्यंतरात "इस्त्री चालू राहिली वाटतं," म्हणून तो सटकला. इस्त्री दोन दिवस बिघडलेलीच होती.

सोमवारी बायको आली. बॅग दाराशी ठेवून तिने आधी वही उघडली.

"अहो, या वरच्या बाईंचे खांदे आठवड्यात वाढले का?"

"नाही, का?"

"तीन वेळा माप घेतलंय. आकडे तेच."

"खात्री केलेली बरी."

"बरी. बारा वर्षांत माझी खात्री किती वेळा केलीत?"

शिंपी बिथरला. "उगाच काहीतरी मनात आणू नकोस! मी मध्यंतरातच उठून आलो!"

बायकोने वही मिटली. "कसल्या मध्यंतरात?"

असे नवरे चोरी पचवतात. सचोटीचा दाखला द्यायला गेले की अडकतात. सगळं सांगावं लागलं.

"ताई म्हणत होती, अजून महिनाभर राहा. मीच नको म्हटलं. तुमचे जेवणाचे हाल होतील म्हणून." तिने बॅग उचलली.

"अगं, आणि कोट?"

"कापा की. माप पाठ असेल."

"परत कधी येशील?"

"ते मलाही बघायचंय."

ती गेली. शिंप्याने कापड पसरलं, खडूने रेघा मारल्या. कात्रीची कडी तिच्या बोटांच्या बेताची. त्याचा अंगठा आत शिरेना. वरून आवाज आला, "मास्तर, ट्रायल कधी?"