मधल्या खोलीतला खांब

नणंद-भावजय मिळून मोडकी घरं विकत घ्यायच्या आणि नीट करून विकायच्या. नणंद घासाघीस करायची, भावजय काम करून घ्यायची. हे घर बघताना नणंद म्हणाली होती, "वहिनी, भिंतींना भेगा, जमीन खचलेली. कुणी फुकट दिलं तरी नको म्हणेल. म्हणजे आपल्यालाच घ्यायला हवं."

मधल्या खोलीतल्या खांबाचा गिलावा मिस्त्रीने फोडला आणि हात मागे घेतला. आतलं लाकूड वाळवीने कधीच फस्त केलं होतं. उरली होती नुसती भुकटी. वरची तुळई, तिच्यावरचा अख्खा मजला, सगळं अधांतरी.

"ताई, हे घर उभं तरी कशावर आहे?" त्याने विचारलं.

"ते मागाहून बघू. आधी टेकू लावा," भावजय म्हणाली.

लोखंडी टेकू लावले, आवळले. जेवून परत येतात तो सगळे सैल. पुन्हा आवळले, पुन्हा सैल. त्यांच्यावर भारच येत नव्हता. तुळई कुणीतरी वरच्या वर तोलून धरावी तसं.

शेवटी नवा लोखंडी खांब उभा केला. तरी वर बोटभर फट राहिलीच. भावजयीला काय वाटलं कोण जाणे, त्या फटीकडे बघत ती हळूच म्हणाली, "सोडा आता. आम्ही धरलंय."

खोलीत कुणीतरी मोठा श्वास सोडला. तुळई करकरली आणि खांबावर टेकली. मिस्त्री हत्यारं तिथंच टाकून बाहेर पळाला.

रंगकाम झालं. पण खांबाजवळच्या भिंतीवर एक ओलसर डाग उमटला. भिंतीला टेकून बसलं की पाठ येते, बरोबर तेवढ्या उंचीवर. वरून दोनदा रंग दिला, डाग दोनदा परत आला.

"कोण असेल हो, वहिनी?"

"असेल कुणी. इतकी वर्षं उभं राहून पाय दुखणारच की, वन्सं." भावजयीने तिथं एक स्टूल नेऊन ठेवलं. डाग वाळला. स्टूल हलवायचं मात्र दोघींनी नावही काढलं नाही.

पुढे एक जोडपं घर बघायला आलं, सोबत गुडघ्यांनी बेजार झालेली सासू. भावजयीने काहीएक न लपवता सगळं सांगितलं. नवरा हसला. "खांब पक्का आहे ना? मग झालं तर."

सासू तोवर मधल्या खोलीत पोचली होती. बसायला म्हणून स्टुलाकडे वळली आणि थबकली. मग अवघडून म्हणाली,

"अहो, नको, बसा तुम्ही. उठू नका. मी टेकते खाली."

सून धावत आली. "आई, कुणाशी बोलताय?"

"हेच घर घेऊ या," सासू जमिनीवर पाय पसरत म्हणाली. "माणसं चांगली आहेत इथली."

नणंदेने घासाघीस न करताच किल्ली पुढे केली.