काकांचं लॅमिनेट केलेलं हृदय

लॅमिनेशनवाल्या काकांच्या दुकानात भिंतीवर तीन गोष्टी टांगलेल्या होत्या: दुकानाचा परवाना, बंद पडलेलं घड्याळ आणि काकांचं हृदय.

हृदय म्हणजे दोन वर्षांपूर्वी काढलेला ईसीजी. डॉक्टर "नॉर्मल आहे" म्हणाले, म्हणून काकांनी तो दुकानात येऊन ताबडतोब लॅमिनेट केला. कागद यंत्रातून बाहेर आला तो काळाकुट्ट. तरी त्यांनी तो काचेच्या चौकटीत घालून टांगला. कुणी विचारलंच तर काका म्हणायचे, "एक्स-रे नाही का काळा असतो? हृदयाचंही तसंच."

एके दिवशी सकाळी काकांची मुलगी डबा द्यायला आली, तेव्हा काका स्टुलावर बसून घाम पुसत होते.

"बाबा, काय होतंय?"

"गॅस आहे. आणि हे यंत्र किती तापतं, तुला काय माहीत!"

"यंत्र बंद आहे, बाबा. आणि छातीवर हात का?"

"खिशात पेन बघतोय."

पेन कानावर होतं.

रांगेतल्या गिऱ्हाइकांनीही हातभार लावला. एकजण म्हणाला, गरम पाणी प्या. दुसरा म्हणाला, गार प्या. एका बाईंनी डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, त्यांच्या नवऱ्याने उजव्या. चार माणसं, चार निदानं, आणि चौघांनाही आपापला कागद आधी हवा होता.

"भिंतीवर बघ," काका म्हणाले. "हृदय पास आहे माझं!"

मुलीने भिंतीकडे बघितलं नाही. तिने शटर ओढलं आणि बाबांना रिक्षात बसवलं.

दवाखान्यात ईसीजी काढणाऱ्या ताईंनी काकांच्या छातीवर वायरी चिकटवल्या, कागद निघाला. डॉक्टरांनी काकांना एक गोळी चावायला दिली आणि कागद निरखला. "इथे रेघ जराशी कललीय. ही आधीपासून अशी होती, की आज झाली? जुना ईसीजी आहे का?"

"आहे की!" काका उत्साहाने म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते छताकडे बघू लागले.

दुकान दोनच गल्ल्या पलीकडे. मुलगी धावत गेली. कुलूप उघडून तिने भिंतीवरची चौकट उतरवली. चौकट छातीशी धरून ती परत आली तेव्हा तिला धड श्वासही घेता येत नव्हता. डॉक्टरांनी तो काळा कागद आधी सरळ, मग उलटा, मग खिडकीच्या उजेडात धरला.

"हे काय आहे?"

"माझं हृदय," काका हळूच म्हणाले.

ताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, या कागदावर शाई नसते. उष्णतेनं रेघ उमटते. तुम्ही तापलेल्या यंत्रातून काढलात, अख्खा कागदच उमटला!"

"बरं, आता दुखणं कमी वाटतंय," काका उठून बसत म्हणाले. " नवा कागदही जवळपास नॉर्मलच आहे. मी निघतो."

"काका, झोपा!" ताई म्हणाल्या. " ईसीजी म्हणजे दाखला नव्हे. तो त्या काही सेकंदांचा फोटो. फोटोत हसलात म्हणजे माणूस जन्मभर हसतोय असं नसतं. दुखत असेल तर आम्ही पुन्हा पुन्हा काढतो. रेघ बदलतेय का, ते बघायचं असतं."

काका पुन्हा आडवे झाले. वायरी लावून घेता घेता, मुलीकडे न बघता म्हणाले, "कागद जळालाय हे मला तेव्हाच कळलं होतं. बावीस वर्षांत पहिला. कबूल कसं करायचं?"

"आणि दुखतंय कधीपासून?" मुलीने विचारलं.

"चार दिवस. जिना चढताना."

मुलगी काही म्हणणार, तोच यंत्र बोललं. दुसरा कागद सरसरत बाहेर आला आणि ताईंनी डॉक्टरांना हाक मारली.

"रेघ वर उचललीय!" डॉक्टर कागद बघताच म्हणाले. " एका जागी नाही, पाच जागी! हार्ट अटॅक आहे. बंद पडलेली रक्तवाहिनी आत्ता उघडायची!"

काकांना आत नेलं आणि दार बंद झालं. मुलगी बाहेर बाकावर बसली, मांडीवर ती काळी चौकट. ताई शेजारी येऊन बसल्या.

"रेघ किती जागी उचललीय, किती उंच, त्यावरून धोका किती ते कळतं. वाहिनी उघडली की तासा-दीड तासाने पुन्हा ईसीजी. रेघ निम्म्याहून जास्त उतरली तर चांगलं."

"आणि नाही उतरली तर?"

"मग आम्ही आणखी धावतो," ताई म्हणाल्या आणि तिचा हात धरून बसून राहिल्या.

मुलीने चौकटीच्या काचेत स्वतःचा चेहरा चौऱ्याऐंशी वेळा बघितला. कधी नव्हे ते त्या कागदात काहीतरी दिसत होतं.

शेवटी ताई आत गेल्या आणि तिसरा कागद नाचवत बाहेर आल्या. "उतरली!"

हृदयाचा थोडा भाग मात्र दुखावला तो दुखावलाच. चार दिवस लवकर आले असते तर तोही वाचण्याची शक्यता होती, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी मान खाली घातली. "ते यंत्राच्या तापण्याचं खोटं होतं, बाळा."

"माहितीये. पेनाचंही."

महिन्याभराने दुकान उघडलं. भिंतीवर तीच काळी चौकट, खाली काकांच्या अक्षरात: 'ही माझी चूक आहे. ईसीजी लॅमिनेट करून मिळणार नाही, झेरॉक्स मिळेल. छातीत दुखत असेल, तर कृपया रांगेत उभे राहू नये.'

मंडळी, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात असा एखादा काळा कागद टांगलेला असतो. जुन्या 'नॉर्मल'वर विसंबून आजचं दुखणं झाकू नका. रिपोर्टची प्रत वाचता येईल अशी जपा, आणि छातीत दुखलं तर लगेच सांगा आणि दवाखाना गाठा. हृदयाला चूक लपवता येत नाही. तो गुण आपण त्याच्याकडून घ्यावा!