मेट्रनबाईंची आणीबाणीची बॅग

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांच्या तक्रारी करतात. मेट्रनबाईंनी परीक्षा देऊन हॅम रेडिओचं लायसन्स काढलं. पूर आला, फोन बंद पडले, की पाठीवर बॅग टाकायची आणि रेडिओवरून निरोप पोचवायचे, एवढंच त्यांच्या डोक्यात. पूर काही अजून आला नव्हता. बॅग मात्र आठवड्यातून तीनदा भरली जायची आणि चारदा उपसली जायची.

आज मात्र चाचणी होती. फोन आला की चाळीस मिनिटांत शाळेच्या आवारात पोचून, एकटीने सगळं मांडून, नियंत्रण केंद्राला रेडिओवरून निरोप द्यायचा. जमलं तर आणीबाणीच्या पथकात जागा. नाही जमलं तर घरी बसून नोंदी ठेवायच्या. ‘घरी बसून’ हे दोन शब्द बाईंना मिरचीसारखे झोंबायचे.

सकाळी सून यादी घेऊन बसली.

“सेट?”

“आहे.”

“अँटेना? तिचा खांब?”

“आहे, आहे.”

“बॅटरी?”

“आहे गं बाई! ही बघ.”

सुनेने शेवटची खूण केली, यादी बॅगेत सरकवली आणि ती आंघोळीला गेली. इथेच घात झाला. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईंना कुठलीच गोष्ट दोनदा पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांनी बॅटरी बाहेर काढली, ‘अजून थोडी भरून घेऊ’ म्हणत चार्जरला लावली, आणि तेवढ्यात फोन वाजला. बाई बॅग उचलून स्कूटरवरून सुसाट निघाल्या.

शाळेच्या आवारात बॅग उघडली आणि बाईंचा चेहरा पडला. यादीत बॅटरीपुढे ठसठशीत खूण होती, बॅगेत बॅटरी नव्हती. त्यांनी घरी फोन लावला.

“आई, ती चार्जरवर आहे. पूर्ण भरलीय!” सून म्हणाली.

“मग घे तिचा मुका!”

“घेऊन येऊ का?”

“खऱ्या पुरात कशी येशील? पोहत? राहू दे,” असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि स्वतःला चार शिव्या घातल्या.

एकवीस मिनिटं संपली होती. बाईंची नजर स्कूटरवर गेली. स्कूटर सुरू होते, म्हणजे तिच्यातही बॅटरी आहेच की! त्यांनी पदर खोचला, पेचकस काढला, स्कूटरचं झाकण उघडलं आणि सेटच्या वायरचे दोन चिमटे लावले, लाल अधिकला, काळा उण्याला. शाळेचा वॉचमन लांबूनच म्हणाला, “बाई, भडका नाही ना उडणार?”

“उडाला तर मलम माझ्याकडे आहे. लांबच उभा राहा.”

खांब त्यांनी कुंपणाला बांधला, सेट स्कूटरच्या सीटवर ठेवला. दिवा लागला. छत्तिसाव्या मिनिटाला केंद्रातून उत्तर आलं, “निरोप स्पष्ट ऐकू आला.” बाईंनी वॉचमनच्या पाठीत असा आनंदाचा धपाटा घातला की तो बिचारा कळवळला.

थोड्या वेळाने पथकप्रमुख तपासणीला आला. औषधांचं दुकान चालवणारा हा गृहस्थ लहानपणी बाईंच्या हातची इंजेक्शनं घेऊन मोठा झालेला. अजूनही त्यांच्यासमोर जरा बिचकूनच उभा राहायचा.

“बॅटरी कुठाय, बाई?”

“घरी विसरले.”

त्याने स्कूटर पाहिली, चिमटे पाहिले आणि तो खो खो हसला. वहीत वेळ लिहिली, ‘उत्तीर्ण’ लिहिलं आणि वही मिटली.

“आणि बॅटरीचं?” बाईंनी विचारलं.

“जाऊ द्या हो. तुमच्या वयाचा मान म्हणून एवढं...”

बाईंना ते एकदम लागलं. पथकात जागा मिळाली होती, पण ही अशी, मखरात बसवल्यासारखी?

“मागच्या महिन्यात चाचणीला तो इलेक्ट्रिशियन माइक विसरला, तेव्हा काय लिहिलंस?”

“लाल शाईने शेरा मारला.”

“मग उघड वही.”

“बाई, कशाला उगाच...”

“उघड म्हणते ना! उद्या माझ्या निरोपावर अँब्युलन्स धावणार आहे. मी काय विसरते, ते पथकाला माहीत नको?”

त्याने निमूटपणे लाल पेन काढलं आणि लिहिलं, ‘मुख्य वस्तू घरी राहिली. सक्त ताकीद.’ बाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग मोबाईल काढून त्या पानाचा फोटो घेतला आणि सुनेला पाठवला. खाली लिहिलं, ‘पथकात घेतलं गं मला!’